विमानतळ हिरवा म्हणजे नेमकं काय हिरवं?

गेल्या अंकात मी धावपट्टीच्या दिव्यांबद्दल लिहिलं आणि जाता जाता एक वाक्य टाकलं, की मुंबईचा विमानतळ आता पूर्णपणे हरित विजेवर चालतो. त्या एका वाक्यावर बावीस पत्रं आली. दिव्यांबद्दल एकही नाही. त्यातली काही इथं घेतोय.

नव्या वाचकांसाठी सांगतो : मी भारतीय विमानतळ प्राधिकरणात तेहतीस वर्षं काढली, सीएनएस खात्यात, म्हणजे संपर्क, दिशादर्शन नि टेहळणीच्या यंत्रणांच्या खात्यात. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसण्याआधी ती काट्यांवर दाखवणारी यंत्रं असतात, ती सांभाळायचं माझं काम. हिरव्या रंगाशी माझा संबंध पॅनलवरच्या दिव्यापुरता. तो हिरवा असला की रात्रपाळीत चहा गोड लागायचा.

प्रश्न : पेपरात वाचलं, आपला विमानतळ शंभर टक्के हरित ऊर्जेवर आहे. मी पार्ल्यात चौथ्या मजल्यावर राहते. वारा फिरला की गच्चीतल्या कपड्यांना रॉकेलचा वास येतो. पेपर खोटा की माझं नाक?
— निवृत्त शिक्षिका, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : बाई, पेपरही खरा आणि नाकही खरं. विमानाचं इंधन, म्हणजे एटीएफ, हे रॉकेलचंच शुद्ध केलेलं भावंड. तुम्ही वास अचूक ओळखलात.

पेपरातली बातमी विजेची होती. २०२२ मध्ये मुंबई विमानतळानं आपली सगळी वीज हरित स्रोतांकडून घ्यायला सुरुवात केली. त्यातली जेमतेम पाच टक्के आवारातल्या सौर पॅनलची आणि उरलेली पाण्यावर नि वाऱ्यावर तयार झालेली, विकत घेतलेली. त्या विजेवर काय चालतं? दिवे, एसी, सरकते जिने, बॅगांचे पट्टे. विमान चालत नाही.

तुमच्या सोसायटीचं उदाहरण घ्या. गच्चीवर पॅनल बसवली, जिन्यातले दिवे, लिफ्ट नि पाण्याचा पंप त्यावर चालवला, तर सेक्रेटरी सर्वसाधारण सभेत छाती फुगवून सांगू शकतात की आमची सोसायटी सौरऊर्जेवर आहे. खोटं काहीच नाही. पण पार्किंगमधल्या चाळीस गाड्यांचं पेट्रोल त्या हिशेबात नसतं, कारण ते सोसायटीच्या बिलात येत नाही. विमानतळांच्या कार्बनचा हिशेब असाच तीन कप्प्यांत ठेवतात. पहिल्यात स्वतःची वाहनं नि जनरेटर, दुसऱ्यात विकत घेतलेली वीज, तिसऱ्यात बाकी सगळं : विमानं, प्रवाशांच्या टॅक्सी, रिक्षा. २००९ साली युरोपात विमानतळांना कार्बनच्या कामगिरीनुसार श्रेणी देणारी योजना सुरू झाली, पुढे ती जगभर पसरली. तिच्या पहिल्या पायऱ्या पहिल्या दोन कप्प्यांच्या आहेत. तिसरा कप्पा वरच्या पायऱ्यांवर येतो. आणि खरा धूर तिसऱ्या कप्प्यात आहे.

किती, ते पाठीमागच्या पानावर करता येईल असं गणित मांडून सांगतो. आवारातली पॅनल साधारण साडेचार मेगावॅटची. मुंबईच्या उन्हात एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतं असं धरा. झाली अठरा हजार युनिट. आपल्या ग्रीडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड जातो, म्हणजे रोज साडेबारा टन वाचले. छान.

आता धावपट्टीकडे रांगत जाणारं विमान बघा. दोन्ही इंजिनं चालू ठेवून एअरबस ए-३२० मिनिटाला दहा-बारा किलो इंधन खातं. एक किलो इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड. (इंधनापेक्षा धूर जड कसा, हे तुम्ही वर्गात शिकवलं असेल. वाढीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.) मुंबईत दिवसाला नऊशेच्या वर विमानांची ये-जा असते, त्यातली अर्धी उड्डाणं. प्रत्येक उड्डाणाची रांग फक्त दोन मिनिटांनी कमी केली, तर साडेचारशे गुणिले दोन गुणिले बारा, म्हणजे १०,८०० किलो इंधन. चौतीस टन कार्बन डायऑक्साइड. रोज. पॅनलच्या जवळजवळ पावणेतीनपट, आणि एकही पॅनल न बसवता.

म्हणून कुणी मला 'हिरवा विमानतळ' म्हटलं की मी छताकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो.

प्रश्न : मी एरोनॉटिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विमानतळ प्राधिकरणाचं संशोधनात योगदान काय, असा विषय प्रोजेक्टसाठी मिळालाय. सर, संशोधन तर इस्रो करते, एनएएल ही विमानांची राष्ट्रीय प्रयोगशाळा करते. प्राधिकरण इमारती बांधतं आणि शुल्क घेतं ना? शिवाय मुंबईत तर आता खासगी कंपनी आहे.
— विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : तुझा शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथं बहुतेकांचा घोटाळा होतो. मुंबईचा विमानतळ २००६ पासून खासगी कंपनीकडे चालवायला आहे आणि २०२१ पासून ती कंपनी अदानी समूहाची आहे. प्राधिकरणाचा त्यात २६ टक्के हिस्सा आहे. पण टॉवरमध्ये बसून विमानांना हुकूम देणारी माणसं आजही प्राधिकरणाचीच. टर्मिनल, बे (विमानं उभी करायच्या जागा) नि पार्किंग एकाकडे, आकाश दुसऱ्याकडे. देशातलं सगळं हवाई क्षेत्र, समुद्रावरचा मोठा पट्टासुद्धा, प्राधिकरण सांभाळतं. १ एप्रिल १९९५ ला आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत विमानतळांच्या दोन वेगळ्या संस्था एकत्र करून ते जन्माला आलं. आता विचार कर, मिनिटं कुणाच्या हातात आहेत?

संशोधन म्हटलं की पांढरा कोट डोळ्यांपुढे येतो. तुझ्या प्रोजेक्टसाठी त्याऐवजी 'गगन' घे.

गगन म्हणजे जीपीएसच्या चुका दुरुस्त करून वैमानिकाला सांगणारी यंत्रणा. इस्रो आणि प्राधिकरण, दोघांनी मिळून केलेली. तुझ्या मोबाइलचं जीपीएस पाच-दहा मीटर चुकलं तर तू शेजारच्या गल्लीत जातेस. ढगातून उतरणाऱ्या विमानाला ती चैन परवडत नाही. आणि नुसती चूक कमी करून भागत नाही, 'आत्ता माझ्यावर भरवसा ठेवू नका' हेही यंत्रणेनं सेकंदांत सांगायला हवं.

अमेरिकेनं नि युरोपनं अशी यंत्रणा आधी केली होती. मग आपण तीच का नाही उचलली? कारण आपलं आकाश वेगळं आहे. जीपीएसचा संदेश वातावरणाच्या वरच्या थरातून, आयनोस्फिअरमधून, येताना रेंगाळतो, आणि विषुववृत्ताच्या आसपास हा थर फार लहरी. दिवसभर तापतो, सूर्य मावळला की त्यात बुडबुडे उठतात आणि संदेश तारा लुकलुकावा तसा लुकलुकतो. तिकडच्या गणितात हे बसतच नव्हतं. म्हणून देशभरच्या विमानतळांवर रिसीव्हर ठेवून वर्षानुवर्षं मोजमाप केलं आणि त्यातून इस्रोनं आपल्या आकाशाचं गणित बसवलं. तेव्हा आम्हाला रोजच्या कामात ती एक जादा पेटी वाटायची. धूळ पुसा, यूपीएसचं पाणी बघा, आकडे वर पाठवा. संध्याकाळी सातनंतर आकडे वेड्यासारखे उडायला लागले की आमच्यातला एक जण म्हणायचा, 'आलं भूत.' ते भूतच खरं संशोधन होतं, हे मला फार उशिरा कळलं.

३० डिसेंबर २०१३ ला गगनला पहिलं प्रमाणपत्र मिळालं, उतरण्याच्या मार्गदर्शनासाठीचं २१ एप्रिल २०१५ ला. विषुववृत्तीय पट्ट्यातली ही अशी पहिली यंत्रणा. २८ एप्रिल २०२२ ला इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानातल्या किशनगढला गगनच्या आधारानं उतरलं.

यात हिरवं काय, असं तुझे परीक्षक विचारतील. त्यांना आयएलएसबद्दल, म्हणजे विमान उतरवणाऱ्या जमिनीवरच्या जुन्या यंत्रणेबद्दल सांग. आजवर उतरण्याची नेमकी वाट दाखवायला प्रत्येक धावपट्टीच्या टोकाला अँटेनांची एक रांग, बाजूला एक उंच खांब, दोन खोल्या, एसी, बॅटऱ्या, डिझेल जनरेटर असा सरंजाम लागतो. मी त्यातच आयुष्य काढलं. एका जुलैमध्ये ग्लाइडपाथच्या, म्हणजे उतरण्याचा उतार दाखवणाऱ्या यंत्राच्या, खोलीत अलार्म वाजायचा थांबेना. गमबूट घालून, छत्री धरून चिखलातून गेलो, तर केबलच्या खाचेतून आत आलेला बेडूक एका कार्डावर निवांत बसलेला. शिवाय ही यंत्रं अचूक आहेत की नाही हे बघायला ठरावीक काळानं खास विमान येतं आणि त्याच वाटेनं पुन्हा पुन्हा उतरल्यासारखं करतं. त्याचंही इंधन जळतंच. लहान विमानतळांना हा सगळा पसारा परवडत नाही. मग ढग खाली आले की विमान तिथं पोचून घिरट्या घालतं आणि परत फिरतं. तीनशे किलोमीटर जाऊन कुठंच न पोचलेलं विमान, याहून मोठी उधळपट्टी नाही. गगनला जमिनीवर त्या धावपट्टीजवळ काहीच लागत नाही. बेडूकही नाही.

प्राधिकरणानं आता हैदराबादच्या जुन्या बेगमपेट विमानतळावर नागरी विमानवाहतूक संशोधन संस्था उभारली आहे, 'कारो'. मार्च २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं. हवाई क्षेत्राची क्षमता, सुरक्षितता, सायबर धोके असे तिचे विषय. युरोपात हवाई नियंत्रणाच्या संशोधनाचा 'सेसार' हा संयुक्त कार्यक्रम २००७ पासून चालू आहे, आणि त्यात विमानतळ चालवणाऱ्या संस्था विद्यापीठांच्या बरोबरीनं बसतात. आपण उशिरा निघालो. इमारत झाली आहे, आता तिथं तुझ्यासारख्यांनी जायला हवं.

प्रश्न : विमानतळावर झाडं का लावत नाहीत? एवढी मोकळी जागा आहे.
— एक आजोबा, मुलुंड

उत्तर : झाडावर पक्षी येतात आणि पक्षी इंजिनात जातात. धावपट्टीच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १४० मीटर पट्टा मोकळा ठेवावा लागतो, त्यापलीकडेही उंचीची बंधनं आहेत : बाजूला सात मीटर सरकलात की एक मीटर उंची मिळते. गवतसुद्धा मापात कापतात. पॅनल मात्र जमिनीलगत बसतात. कोचीचा विमानतळ ऑगस्ट २०१५ मध्ये पूर्ण सौरऊर्जेवर गेला, तसं करणारा जगातला पहिला, आणि तिथं पॅनलखाली भाजीही पिकवतात. आमच्या खात्याची एकच विनंती असते : धातूच्या त्या लांब रांगा आमच्या अँटेनांच्या तोंडासमोर नकोत, संदेश परावर्तित होतो.

प्रश्न : जरीमरीला आमचं घर आहे. दर दीड मिनिटाला एक विमान कौलांवरून जातं, बोलणं थांबवावं लागतं. हीच ती घिरट्या घालणारी विमानं का? आमच्याच बाजूनं का येतात सगळी? आणि नवी मुंबईचा विमानतळ झाला, आता तरी कमी होणार का?
— रिक्षाचालक, कुर्ला (पश्चिम)

उत्तर : नाही दादा, तुमच्या डोक्यावरची विमानं घिरट्या घालत नाहीत, ती उतरतायत. घिरट्या दूर, बऱ्याच उंचीवर चालतात, तिथला आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाही. तुमच्याच बाजूनं येतात त्याचं कारण समुद्र. वारा बहुतेक काळ पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो आणि विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. म्हणून घाटकोपर, कुर्ला, जरीमरी अशी वाट. टोकापासून किलोमीटरभर अलीकडे असतानाच ते जमिनीपासून जेमतेम सत्तर मीटरवर असतं, आणि तुम्ही तर टोकालाच.

दर दीड मिनिटाचं तुमचं गणित चढणारी नि उतरणारी दोन्ही विमानं धरली तर बसतं. उतरणारी त्यातली साधारण अर्धीच. मुंबईला धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. जगातल्या अतिगजबजलेल्या एका धावपट्टीचा मान त्यामुळे आपल्याला मिळालाय. २०२४ च्या सुरुवातीपर्यंत गर्दीच्या तासाला ४६ विमानांची चढ-उतार होती, म्हणजे ७८ सेकंदांना एक. एखादं विमान धावपट्टीवरून बाहेर पडायला दहा सेकंद रेंगाळलं की मागच्याला परत वर चढावं लागतं आणि त्यामागच्यांना घिरट्या. एक घिरटी चार मिनिटांची : एक मिनिट वळण, एक मिनिट सरळ, पुन्हा वळण, पुन्हा सरळ. तेवढ्यात सव्वाशे ते दीडशे किलो इंधन जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रालयानं गर्दीच्या तासातली संख्या ४६ वरून ४४ वर आणली. काहींनी टीका केली की क्षमता घटवली. मला विचाराल तर पर्यावरणासाठी त्या वर्षी मुंबईत झालेली ती मोठी गोष्ट होती, फक्त तिला तसं नाव कुणी दिलं नाही.

आवाजाबद्दल तुम्हाला खोटी आशा लावत नाही. सलग उतरण ही पद्धत आता वापरतात. जिना उतरल्यासारखं टप्प्याटप्प्यानं न येता विमान खूप आधीपासून इंजिन मंद करून घसरत येतं. खंडाळ्याचा घाट उतरताना तुम्ही ॲक्सिलरेटरवरचा हात काढता, तसंच. इंधन वाचतं, आवाजही कमी होतो, पण पंधरा-वीस किलोमीटर दूरच्या लोकांना. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये सगळी विमानं सारखीच येतात. तुमच्याकडे फरक पडेल तो इंजिनं बदलतील तसा. नवी इंजिनं खरंच शांत आहेत.

नवी मुंबईहून डिसेंबर २०२५ मध्ये विमानं सुरू झाली. पण मुंबईची मोकळी झालेली जागा रिकामी राहील असं वाटत नाही. सहा वाजताच्या चर्चगेट लोकलमधली उतरलेल्या माणसाची सीट जितका वेळ रिकामी राहते, तितकाच वेळ. वर दोन्ही विमानतळांचं आकाश एकच आहे, तेव्हा एटीसीतल्या, म्हणजे हवाई नियंत्रणातल्या, माझ्या धाकट्या सहकाऱ्यांचं काम वाढलंय.

प्रश्न : लालबागला माझं वडे-भज्यांचं दुकान आहे. रोज चार-पाच लिटर तेल उरतं. मुलगा म्हणतो, या तेलावर विमान उडतं. चेष्टा करतोय का?
— दुकानदार, लालबाग

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय. वापरलेल्या खाद्यतेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून विमानाचं इंधन बनतं. त्याला एसएएफ, म्हणजे शाश्वत विमान इंधन म्हणतात. साध्या इंधनात निम्म्यापर्यंत मिसळायला परवानगी आहे आणि इंजिनात काहीही बदलावं लागत नाही. २०१८ पासून एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा नियम आहे की तेल तापवून तापवून त्यात तयार होणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तळणीसाठी बाद. तेव्हाच जुनं तेल जमा करण्याची योजनाही आली. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला ऑगस्ट २०२५ मध्ये वापरलेल्या तेलापासून एसएएफ बनवण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, देशात पहिलंच. त्याआधी १९ मे २०२३ ला पुणे–दिल्ली विमान पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजनं बनवलेलं एसएएफ मिसळून उडालं होतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी सरकारचं लक्ष्य २०२७ मध्ये एक टक्का, २०२८ मध्ये दोन, २०३० मध्ये पाच.

एक-दोन टक्केच का, ते तुमच्या कढईवरून कळेल. तुमचं वर्षभराचं सगळं तेल थेंब न सांडता इंधनात बदललं, तरी मुंबई–दिल्ली एका खेपेच्या निम्म्यालाही पुरणार नाही. आणि हे इंधन साध्याच्या दुपटीहून महाग. शिवाय जुन्या तेलाला ताज्यापेक्षा जास्त भाव मिळायला लागला की बाजारात काय होईल, ते मी तुम्हाला सांगायला नको. तरीही नोंदणीकृत गोळा करणाऱ्यालाच तेल द्या, पावती घ्या. निदान ते रात्री दुसऱ्या गाडीवर पुन्हा तापणार नाही.

प्रश्न : माझी लेक ऑस्लोला असते. ती सांगते, तिकडे विमानतळवालेच विजेवरची विमानं आणतायत. आपल्याकडे कधी?
— गृहिणी, दादर

उत्तर : ताई, लेक ज्यांच्याबद्दल बोलतेय ते 'अविनोर'. नॉर्वेची सरकारी कंपनी, चाळीसच्या वर विमानतळ आणि वरचं आकाश, दोन्ही तिच्याचकडे. मिनिटं नि इमारत एकाच घरात, हा तिचा मोठा फायदा.

त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. जून २०१८ मध्ये अविनोरनं दोन आसनांचं विजेवरचं छोटं विमान आणलं. स्वतः मुख्याधिकारी वैमानिक, शेजारी वाहतूकमंत्री. फोटो जगभर छापून आले. पुढच्या वर्षी १४ ऑगस्टला तेच विमान, तेच मुख्याधिकारी, शेजारी या वेळी दुसऱ्या एक उपमंत्री, आणि विमानाची ताकद गेली. त्यांनी ते एका तळ्यात उतरवलं. दोघांना खरचटलंही नाही, विमानाचं मात्र व्हायचं ते झालं. आता कल्पना करा, आपल्याकडे असं झालं असतं तर? चौकशी समिती, राजीनामा, आणि विजेचं विमान हा विषय पंधरा वर्षं फायलीत. त्यांनी काम चालू ठेवलं. २०२५ मध्ये स्टाव्हँगर–बर्गन मार्गावर अमेरिकी बनावटीचं विजेचं मालवाहू विमान चाचणीसाठी उडवलं. देशांतर्गत उड्डाणं २०४० पर्यंत विजेवर आणायचं त्यांचं ध्येय आहे.

लालबागच्या दुकानदारांच्या प्रश्नाशीही अविनोरचा संबंध आहे. जानेवारी २०१६ मध्ये ऑस्लो विमानतळानं जैवइंधन थेट जमिनीखालच्या सामायिक टाकीत नि पाइपलाइनीत मिसळायला सुरुवात केली, की कुणीही कंपनी येवो, तिला त्यातलंच मिळेल. असं करणारा तो पहिला मोठा विमानतळ. २०२० पासून नॉर्वेत अर्धा टक्का जैवइंधन सक्तीचं झालं. विमानतळ चालवणाऱ्यानं मनावर घेतलं तर काय होतं, ते या पाइपलाइनीत दिसतं. (हिवाळ्यातला बर्फ लाकडाच्या भुशाखाली साठवून ते उन्हाळ्यात टर्मिनल गार करतात. हे वाचून आमच्या घरी 'आपल्याकडे बर्फ फक्त गोळेवाल्याकडे' असा शेरा मिळाला.)

आपल्याकडे कधी? एक किलो इंधनात जेवढी ऊर्जा असते ती साठवायला आजच्या बॅटऱ्या चाळीस-पन्नास किलोंच्या लागतात. इंधन जळत जातं तसं विमान हलकं होतं, बॅटरी उतरतानाही तेवढीच जड. म्हणून विजेचं विमान लहान आणि जवळचं. नॉर्वेत फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या, या काठावरून त्या काठावर वीस मिनिटांच्या उड्या आहेत आणि जवळजवळ सगळी वीज पाण्यावरची. आपल्याकडे मुंबई–दिल्ली हा साडेअकराशे किलोमीटरचा मार्ग. तो माझ्या हयातीत बॅटरीवर होणार नाही. मुंबई–चिपीसारख्या अंतरावर लहान विमान, हे मात्र मी बघीन असं म्हणतो. लेकीला सांगा, तिकडच्या विमानात बसलीच तर मला पत्र पाठव.

प्रश्न : काका, आम्ही गोव्याला जाताना विमानाचा दरवाजा बंद करून आम्हाला अर्धा तास तिथंच बसवलं. बाबा खूप चिडले. मग रांगेतली विमानं इंजिन बंद का करत नाहीत?
— इयत्ता पाचवी, गोरेगाव

उत्तर : बाबांना सांग, तुमचं विमान रांगेतच होतं, इंजिन बंद करून बसलं होतं. पूर्वी दरवाजा लागला की विमान निघायचं आणि धावपट्टीच्या तोंडाशी पंधरा विमानांच्या मागे उभं राहायचं, इंजिनं घरघरत. आता मुंबईत एक संगणकी पद्धत आहे, प्राधिकरणाच्या लोकांनी इथंच तयार केलेली. ती प्रत्येक विमानाला इंजिन सुरू करण्याची वेळ देते. तोपर्यंत जागेवर गप्प बसायचं. रांग तेवढीच, पण कागदावर.

रांगेत उभं असताना इंजिन बंद करून परत सुरू करता येत नाही असं नाही. पण उडण्याआधी त्याला काही मिनिटं तापावं लागतं, म्हणून वैमानिक फार तर एका इंजिनावर रांगत जातात. टॅक्सीबॉट नावाचा एक ट्रॅक्टरही असतो. तो विमानाचं पुढचं चाक उचलून धरतो आणि वैमानिक कॉकपिटमधूनच त्याला चालवत धावपट्टीपर्यंत जातो, इंजिन बंद ठेवून. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीहून मुंबईला निघालेलं एअर इंडियाचं ए-३२० प्रवाशांसकट असं गेलं होतं.

आता तुला एक काम देतो. बहुतेक जेट विमानांच्या शेपटीच्या अगदी टोकाला एक भोक असतं. तिथं एक छोटं इंजिन असतं, एपीयू. विमान जागेवर उभं असताना दिवे नि एसी त्यावर चालतात आणि ते तासाला शंभर किलोच्या वर इंधन खातं. विमानतळानं जमिनीतून विजेची जाड केबल नि थंड हवेचा पिवळा होज जोडून दिला, तर ते बंद ठेवता येतं. पुढच्या वेळी खिडकीशी बस, उभ्या विमानांच्या शेपट्या बघ. टोकामागची हवा तव्यावरच्यासारखी थरथरत असेल तर एपीयू चालू. किती विमानं मोजलीस आणि त्यातल्या कितींच्या शेपटीमागे हवा थरथरत होती, ते पोस्टकार्डावर लिहून पाठव.